हार्लन डिटमर आणि चुकीचा टेनब्रुक

माणूस आपली गाडी हलवायला पाच मिनिटं बाहेर जातो आणि तेवढ्यात त्याचं नशीब फिरतं, असं एरवी फक्त प्रवचनात ऐकायला मिळतं. मिलर्सफर्डच्या लूथरन चर्चच्या तळघरात मार्चच्या दुसऱ्या शनिवारी ते प्रत्यक्ष घडलं. ज्याच्या बाबतीत घडलं तो हार्लन डिटमर त्या वेळी बाहेर होता. त्याच्या गाडीने पास्टरसाहेबांची गाडी अडवली होती, ती तो बाजूला घेत होता.

तळघरात बेसबॉल लीगची निवड-सभा चालू होती. चर्चमधली दहा माणसं आणि त्यांचे दहा मनातले संघ. म्हणजे खेळाडू खरे, त्यांचे सामने खरे, त्यांनी मारलेले होम रनही खरे. फक्त मालक खोटे. देशात कुठेतरी कुणीतरी उन्हात उभं राहून चेंडू हाणायचा आणि त्याचे गुण ओहायोत आरामखुर्चीवर बसलेल्या माणसाने आपल्या नावावर लावून घ्यायचे. घाम एकाचा, ढेकर दुसऱ्याचा. हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण सगळ्यात जास्त त्याला चर्चच्या स्वयंपाकघरातली पोचे पडलेली जुनी कॉफीची किटली वर्षभर मिरवायला मिळे. ज्याचे सगळ्यात कमी त्याने वर्षभर दर रविवारी, प्रार्थनेनंतर, कॉफीचं मोठं पिंप घासायचं.

हार्लन गेली तीन वर्षं पिंप घासत होता.

एकदा घासलं तर लोक हसतात, दुसऱ्यांदा कीव करतात. तिसऱ्या वर्षी ते तुमचंच काम आहे असं धरून चालतात. गावात नव्याने आलेल्या एका बाईंनी ईस्टरला त्याला थांबवून सांगितलं होतं, "कॉफी छान होती हं. आणि बाथरूममधला कागद संपलाय." ज्या माणसाच्या सहीशिवाय सबंध जिल्ह्यात तीन फुटांच्या वर कुंपण चढत नाही, जिल्हा कचेरीच्या परवाना-खिडकीत बसून ज्याने भल्याभल्यांना एका राहिलेल्या तारखेपायी घरी परत पाठवलं आहे, त्याने हे ऐकून घ्यायचं! हार्लनने ऐकून घेतलं. कागदही आणून ठेवला. पण ते काळजात रुतून बसलं.

म्हणून या वर्षी तो तयारीनिशी आला होता. चार महिने त्याने आकडे चाळले होते, वही भरली होती, आणि त्या वहीत एका नावाखाली तीन रेघा मारल्या होत्या: ग्रँट टेनब्रुक. ग्रँट टेनब्रुक म्हणजे असा पिचर, की त्याचा चेंडू समोरच्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तो आपल्याला मिळाला की किटली आपलीच.

गाडी लावून हार्लन धापा टाकत तळघरात उतरला तेव्हा नेमकी त्याचीच पाळी आली होती. उभ्याउभ्याच त्याने हॅम सँडविचचा तुकडा तोंडात कोंबला आणि विजयी स्वरात गर्जना केली, "टेनब्रुक!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

टेबलाच्या टोकाला मिस आर्डेल हाफनर बसल्या होत्या. एकतीस वर्षं चर्चच्या चिटणीस आणि लीगच्या कमिशनर. लीगची सव्वीस पानी घटना त्यांनी स्वतः टंकलेली. देशाच्या घटनेपेक्षा तिच्यात दुरुस्त्या कमी होत्या आणि ती पाळली जास्त जायची. त्यांनी चष्मा खाली घेतला.

"मिस्टर डिटमर, ग्रँट टेनब्रुक मिस्टर पेटीग्रूंनी मघाशीच घेतला. तुम्ही बाहेर होतात."

व्हर्नन पेटीग्रूने खेदाने मान हलवली. गावात कुणी वारलं की सगळी व्यवस्था व्हर्ननकडे असे, त्यामुळे त्याचा आवाज कायमचा सांत्वनाचा झाला होता. त्याने अभिनंदन केलं तरी ऐकणाऱ्याला वाटे, कोण गेलं?

"फार वाईट वाटलं, हार्लन," तो म्हणाला.

"मग मी दुसरा घेतो," हार्लन घास गिळत म्हणाला.

"कलम अकरा," मिस आर्डेल म्हणाल्या. "उच्चारलेलं नाव माघारी जात नाही. यादीत आणखी एक टेनब्रुक आहे." त्यांनी बोट फिरवत फिरवत यादीच्या पार तळाला नेलं. "वेड टेनब्रुक. कॅचर. वय तेवीस. मोठ्या मैदानावर अजून पाऊल ठेवलेलं नाही. लिहू ना?"

आधी त्याचा शेजारी स्टॅन वोझ्निक खोकला, मग कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळं तळघर हसलं. पास्टर हसले. कॉफी ओतणाऱ्या बाईसुद्धा हसल्या, आणि त्यांना तर बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

अशा वेळी शहाणा माणूस चारचौघांबरोबर हसून घेतो आणि मोकळा होतो. पण हार्लनला डोळ्यांसमोर ते पिंप दिसलं, आणि बाथरूममधला कागद दिसला. तो ताठ उभा राहिला.

"मी त्याच टेनब्रुकबद्दल बोलत होतो," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"वेड. वेडबद्दल. मी पाहिलंय त्याला खेळताना. आपल्याच मैदानावर, दोन वर्षांपूर्वी. पाहुण्या संघातून आला होता." एवढ्यावर कुणाचा विश्वास बसेना असं दिसल्यावर त्याने तपशील घातला. "मंगळवार होता. पाऊस होता."

खोट्याला पाय नसतात म्हणतात ते खोटं आहे. त्याला पाय असतात, आणि वर छत्रीही असते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वेड टेनब्रुकच्या संघातला मुख्य कॅचर स्वतःच्याच घराच्या पायरीवरून घसरला. गुडघा गेला. दुसरा कुणी हाताशी नव्हता म्हणून वेडला बोलावून घेतलं. पहिल्या दिवशी त्याने एक होम रन मारला. लोक म्हणाले, लागतो एखादा. आठवडा संपेपर्यंत त्याने चार मारले, आणि लोक बोलायचे थांबले. मेअखेर चौदा झाले. हार्लनचा संघ दहाव्यावरून सहाव्यावर, सहाव्यावरून तिसऱ्यावर, आणि जूनच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या सूचनाफलकावर, मिस आर्डेलच्या वळणदार अक्षरात, पहिल्या क्रमांकावर!

स्टॅन वोझ्निकने कुंपणावरून हाक मारली. स्टॅन निवृत्त न्हावी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची डोकी हातात धरून सल्ले दिल्यामुळे त्याला आता डोकं समोर नसलं तरी सल्ला देता येई. पण आज तो घ्यायला आला होता.

"हार्लन, खरं सांग. काय पाहिलंस तू त्या पोरात?"

हार्लनच्या हातात तेव्हा पाण्याचा पाइप होता. त्याने तो मुद्दाम हळूच खाली ठेवला. "मनगट," तो म्हणाला.

"मनगट?"

"पोलाद आहे रे. लोक खांदे बघतात. खांद्यांत काय आहे?"

स्टॅनने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारात पडून घरात गेला.

पुढच्या रविवारी मनगटाची गोष्ट चर्चभर झाली होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिला हस्तांदोलन जोडलं गेलं होतं: सामना संपल्यावर हार्लन कठड्यापाशी गेला होता, त्याने पोराचा हात हातात घेतला होता. जुलै उजाडेतो गोष्ट अशी होती, की हार्लनने त्या पावसात वेडला सांगितलं, "पोरा, पाय जरा फाकवून उभा राहा," आणि तेव्हापासून त्या पोराने मागे वळून पाहिलेलं नाही. हे सगळं हार्लन एकटा सांगत होता असं नाही. अर्धंअधिक स्टॅनच सांगायचा; हार्लन फक्त नाही म्हणायचा नाही.

नोरीनला, म्हणजे हार्लनच्या बायकोला, हे ठाऊक होतं की दर मंगळवारी संध्याकाळी ती आणि हार्लन तिच्या आईकडे जेवायला जातात, आणि गेल्या बावीस वर्षांत एकही मंगळवार चुकलेला नाही. पण ती फक्त एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली, "पाय फाकवून का?"

"काय?"

"नाही, काही नाही. आईला सांगीन म्हणते. तीही हल्ली जरा डुगडुगते."

कचेरीत खिडकीपुढे रांग लागू लागली. लोक कुंपणाचा अर्ज घेऊन यायचे आणि हळूच विचारायचे, पिचर कुठला घ्यावा? हार्लन डोळे मिटून उत्तर द्यायचा. अर्ज मात्र तरीही परत पाठवायचा. व्यवहार तो व्यवहार. पास्टरसाहेबांनी तर त्याला ऑक्टोबरातल्या पुरुषमंडळाच्या न्याहारीला भाषण करायची गळ घातली. विषय: 'दूरदृष्टी: न दिसणाऱ्यावर विश्वास'. पत्रिकेत तीन महिने आधी छापूनही टाकलं.

इथपर्यंत ठीक होतं. माणसाने चुकून वर चढावं आणि गप्प बसावं, तर तो वरच राहतो. पण आपण वर आहोत त्याअर्थी आपल्याला चढता येतं, अशी हार्लनची समजूत झाली. त्याने अदलाबदली सुरू केल्या.

त्यातही विघ्न आलं ते कचेरीचं, आणि तेही दुसऱ्याच्या कचेरीचं. कलम सतराप्रमाणे खेळाडू बदलायचा तर अर्ज गुरुवारी दुपारी बाराच्या आत, तीन प्रतींत, दोन्ही मालकांच्या सह्यांनिशी द्यावा लागे. हार्लन पहिल्यांदा गेला तेव्हा मिस आर्डेलनी अर्ज वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"तारीख नाही."

"आजचीच आहे ना, मिस आर्डेल. टाका तुम्ही."

"मी कशी टाकणार? पुढच्या गुरुवारी या."

"अहो, एका तारखेसाठी आठवडा?"

मिस आर्डेलनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर डिटमर, दोन वर्षांपूर्वी माझ्या मागच्या अंगणातल्या छपराच्या अर्जावर तुम्ही अगदी हेच म्हणाला होतात. छप्पर अजून झालेलं नाही."

हार्लनने पुढच्या गुरुवारी तारीख घातली. मग सपाटाच लावला. ज्या पिचरने जूनभर त्याला गुण दिले तो त्याने देऊन टाकला, कारण त्याचं मनगट बारीक दिसलं. घरच्या पडद्यावर, उशी मांडीवर घेऊन, त्याने मनगटं पाहिली. जाड मनगटाचे सात जण घेतले. त्यातल्या दोघांची जाडी सुजेमुळे होती, हे पुढे कळलं. "मला आतून वाटतंय," असं म्हणून तो सही करी, आणि समोरचा आतून हसत सही करी. ऑगस्ट लागला तेव्हा निवड-सभेतल्या त्याच्या मूळ संघापैकी एकटा वेड टेनब्रुक उरला होता, आणि संघ पाचवा होता.

"तात्पुरतं आहे," तो नोरीनला म्हणाला. "मी पाया घालतोय."

"परवाना काढलास ना?" नोरीन म्हणाली.

आणि मग वेडचा अंगठा मोडला. चेंडू अडवताना लागला, तीन आठवडे बाहेर. हाड जुळल्यावर, मोठ्या मैदानावर परतायच्या आधी, सरावासाठी चार-पाच सामने त्याला एका लहान गावच्या संघाकडून खेळायला धाडायचं ठरलं. अशी लहान गावं देशात शंभरावर असतील. स्टॅन वोझ्निक वर्तमानपत्र फडकवत कुंपण ओलांडून आला. परवानगीशिवाय घातलेलं कुंपण होतं, साडेतीन फुटी; हार्लनने शेजारधर्म म्हणून कानाडोळा केला होता.

"हार्लन! तुझा चेला येतोय! मिलर्सफर्डला! मी सगळ्या लीगची तिकिटं काढली!"

हार्लनने विचारलं, "कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी आम्ही सासूबाईंकडे जेवतो," हार्लन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे आशेने म्हणाला.

"आईच म्हणतेय येते म्हणून," नोरीन आतून ओरडली.

मंगळवारी संध्याकाळी अख्खी लीग तिसऱ्या रांगेत बसली. मिस आर्डेल गुणांची वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन, व्हर्नन काळा कोट घालून, सासूबाई गरम सॉसेज-पाव घेऊन. आभाळ स्वच्छ होतं. हार्लनने पावसाची प्रार्थना केली, आणि ज्या चर्चचं पिंप तीन वर्षं घासलं त्याच्या देवाने ती ऐकली नाही.

भोंग्यावरून निवेदक गरजला, "आणि आता, मिलर्सफर्डच्या मैदानावर, नव्हे, आपल्या ओहायो राज्यातच, आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवणारा... वेड टेनब्रुक!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेने वाजवल्या नाहीत.

"पहिल्यांदा म्हणाला का हो तो?" व्हर्ननने अगदी मायेने विचारलं.

"निवेदक नवीन आहे," हार्लन म्हणाला.

"एकोणीस वर्षं आहे तो," मिस आर्डेल वहीतून मान न काढता म्हणाल्या.

तरीही निभावलं असतं. माणसं चेष्टा करतात, घरी जातात, विसरतात. पण हार्लनवर खरी श्रद्धा असलेला एक माणूस तिथे होता, आणि श्रद्धाळू माणसाइतका धोका शत्रूकडूनही नसतो. स्टॅन तरातरा कठड्यापाशी गेला आणि ओरडला, "वेड! ए वेड! इकडे ये! हार्लन आलाय!"

वेड टेनब्रुक आला. मोठा सालस पोरगा होता तो. टोपी काढून म्हणाला, "नमस्कार. कोण हार्लन, सर?"

"अरे, हार्लन डिटमर! ज्याने तुला पाय फाकवून उभं राहायला सांगितलं!"

स्टॅनने हार्लनला दंडाला धरून पुढे ओढलं. मागे लीग उभी राहिली होती, त्यांच्यामागे आणखी दोन रांगा. वेडने हार्लनकडे पाहिलं. लाल झालेला, घामाने थबथबलेला, आपल्या बापाच्या वयाचा माणूस त्याला दिसला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याला दया आली.

"मी ओहायोत गेल्या गुरुवारीच आलो, सर," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही... पत्राने सांगितलं असेल, नाही का? मला खूप पत्रं येतात."

केवढी मोठी वाट त्या पोराने मोकळी करून दिली होती! हार्लनने तिच्यात उडी घेतली.

"पत्राने!" तो म्हणाला. "बरोबर. पत्राने."

"पावसात?" व्हर्ननने विचारलं.

त्यावर नोरीन हसली. आधी तिने रुमाल तोंडाशी धरला, मग तो सोडला, आणि मग ती अशी हसली की सासूबाईंच्या हातातलं सॉसेज खाली पडलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला इतकं हसताना हार्लनने पाहिलं नव्हतं. तिच्यामागून तिसरी रांग हसली, मग चौथी, पाचवी. स्टॅन तेवढा हसला नाही. तो हार्लनकडे बघत राहिला, आणि ते जास्त लागलं.

"म्हणजे मनगट पण नाही?" त्याने हळूच विचारलं. "मी रोज सकाळी वीस मिनिटं चेंडू दाबतोय रे."

वेडने त्या दिवशी दोन होम रन मारले. सरावाच्या सामन्यांचे गुण धरत नाहीत, कलम तेवीस.

बुधवारी हार्लन कचेरीत सुट्टी टाकून घरी बसला. त्याच्या मते चूक सगळी त्या पोराची होती. खोटंच बोलायचं होतं तर नीट बोलायचं, 'हो सर, आठवतं' म्हणायचं. अर्धवट दया काय कामाची? गुरुवारी साडेअकराला तो मिस आर्डेलपुढे उभा राहिला. वेड टेनब्रुक व्हर्नन पेटीग्रूला. बदल्यात दोन पिचर. तीन प्रती, दोन्ही सह्या, तारीख.

मिस आर्डेलनी अर्ज वाचला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"मिस्टर डिटमर, पुढच्या आठवड्यात तो परत खेळायला लागणार आहे."

"ठाऊक आहे."

"कुठे काही राहिलंय का बघते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज पुन्हा वाचला, ओळीवर पेन्सिल टेकवत. त्यांना मनापासून काहीतरी राहिलेलं हवं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज तपासलेल्या माणसाचा तो अर्ज होता. त्यात एक स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नव्हता. त्यांनी शिक्का मारला.

सप्टेंबरात वेडने अकरा होम रन मारले. दोन्ही टेनब्रुक एकाच संघात आल्यावर बाकीच्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. व्हर्ननने किटली आपल्या दुकानाच्या खिडकीत, शवपेट्यांच्या मधोमध मांडली आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ती नेमकी कशासाठी असावी असा प्रश्न पडू लागला. हार्लनच्या दोन पिचरांपैकी एकाने महिनाभर मार खाल्ला. दुसरा निवृत्त होऊन मासेमारीला गेला. शेवटच्या दिवशी स्टॅन वोझ्निक अर्ध्या गुणाने नववा आणि हार्लन दहावा. चौथं वर्ष.

आता राहिलं ते भाषण. हार्लन पास्टरसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, "रद्द करा."

"नाही जमणार, हार्लन. सव्वाशे अंडी सांगून ठेवलीत."

"पण विषय दूरदृष्टी आहे, पास्टर!"

"विषय देव बघून घेईल. अंडी मला बघावी लागतात."

न्याहारीला एवढी गर्दी पुरुषमंडळाने कधी पाहिली नव्हती. स्त्रियाही आल्या होत्या. नोरीन पहिल्या रांगेत होती, आणि नेहमी मागे बसणारा स्टॅन तिच्या शेजारी. हार्लन उभा राहिला. त्याने रात्रभर चार पानं लिहिली होती. त्यात 'परिस्थिती', 'गैरसमज' आणि 'पत्रव्यवहार' हे शब्द अनेकदा आले होते. त्याने पानांकडे पाहिलं, मग स्टॅनकडे, आणि पानं घडी करून खिशात घातली.

"मी त्या पोराला कधी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मला दुसरा टेनब्रुक हवा होता. मी गाडी हलवायला गेलो होतो. तुम्ही हसलात म्हणून मी खोटं बोललो, आणि मग ते आवडायला लागलं. स्टॅन, तू चेंडू दाबायचा थांब. एवढंच."

तो खाली बसला. मग स्टॅनने टाळ्या वाजवल्या, जोरात, कारण मनगट खरोखरच मजबूत झालं होतं. नोरीनने हार्लनच्या बशीत आपल्या वाटचं अंडं वाढलं. सगळे टाळ्या वाजवू लागले. मिस आर्डेलनी भाषणाची वेळ वहीत नोंदवली: चाळीस सेकंद, चर्चच्या इतिहासातलं सगळ्यात लहान. पास्टरसाहेबांच्या चेहऱ्यावर थोडा मत्सर दिसला.

हार्लनला हलकं वाटलं. कितीतरी महिन्यांनी चव लागत होती. अंडं गार होतं, पण चव लागत होती. आता आपण कुणी नाही, आणि कुणी नसण्यात केवढं सुख आहे, असं काहीसं त्याच्या मनात येत होतं, तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक म्हातारा उठून त्याच्याकडे आला. शेजारच्या गावचा पाहुणा होता, कानाने जरा कमी. त्याने खुर्ची जवळ ओढली.

"भाषण छान झालं हं," तो म्हणाला. "दूरदृष्टीवर तुमच्यासारखा अधिकार नाही कुणाचा. मला फक्त एवढं सांगा, पुढच्या वर्षी कुणाला घेऊ?"

हार्लनने काटा खाली ठेवला. नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. स्टॅनने पाहिलं. हार्लनने नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, नोरीन साक्षीला आहे.

मग त्याने डोळे मिटले.

"घोटे," तो म्हणाला. "लोक मनगटं बघतात. मनगटांत काय आहे?"